जड ट्रेलर ओढताना डेफचं गणित: डिझेल पिकअपच्या नव्या मालकांसाठी

अमेरिकेत डिझेल पिकअप विकताना सेल्समन ताकदीचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि निळ्या झाकणाचा विषय एका वाक्यात उरकतो: "हजारो मैलांनी एकदा भरायचं, बाकी विसरा." रिकामी गाडी ऑफिसला नेणार-आणणार असाल तर तो खोटं बोलत नाही. पण मागे दहा-चौदा हजार पौंडांचं फिफ्थ-व्हील (पिकअपच्या हौद्यात टेकणारा, आत राहायची सोय असलेला मोठा ट्रेलर), घोड्यांचा ट्रेलर किंवा धंद्याचं यंत्र लागलं की हाच सल्ला तुम्हाला आडरानात अडकवू शकतो.

त्या निळ्या झाकणाखाली भरायचा द्रव म्हणजे डेफ, डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. डेफ किती लागणार हे मैल मोजून कळत नाही. किती डिझेल जाळलं आणि इंजिनावर भार किती होता, यावर ते ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत. मी टेक्सासात राहतो आणि सुट्टीत कुटुंबाला घेऊन फिफ्थ-व्हील ओढतो, त्यामुळे उदाहरणं त्या भागातली आहेत. गणित मात्र मिनेसोटात असा की ॲरिझोनात, तेच.

१. टाकीत काय भरतो आहोत ते ओळखा

डेफ म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षारमुक्त पाणी. युरोपात आणि भारतात ते बहुधा ॲडब्लू या नावाने मिळतं. ते डिझेलमध्ये मिसळायचं नसतं, त्याची टाकी वेगळी असते. गाडी धुराच्या नळीत त्याचा बारीक फवारा मारते. तिथल्या उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि एससीआर नावाच्या उत्प्रेरकात तो नायट्रोजन ऑक्साइडशी भिडून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार होते.

२०१० च्या प्रदूषण मानकांनंतर हे आलं. फोर्ड सुपर ड्यूटी आणि शेव्ही-जीएमसीच्या जड डिझेल पिकअपमध्ये २०११ च्या मॉडेलपासून, रॅम २५०० आणि ३५०० पिकअपमध्ये २०१३ पासून. जुनी गाडी घेत असाल तर हे साल लक्षात ठेवा. त्यानंतरच्या गाडीत डेफची यंत्रणा दिसली नाही, तर कोणीतरी ती काढून टाकली आहे असं समजा. त्याबद्दल पुढे.

गावी शेती असणाऱ्यांच्या मनात येणारा प्रश्न: युरियाच आहे ना, मग पोत्यातला पाण्यात विरघळवून का चालत नाही? खताच्या युरियात बाययुरेट आणि इतर अशुद्धी असतात. भारतात २०१५ पासून तो कडुनिंबाच्या तेलाचा थर देऊनच विकला जातो. नळाच्या पाण्यात क्षार असतात. हे सगळं फवाऱ्याच्या तोटीत आणि उत्प्रेरकावर जाऊन बसतं. दुरुस्तीचं बिल पाहिल्यावर वाचवलेले डॉलर आठवायचीही लाज वाटेल.

२. तुमच्या गाडीची चार उत्तरं शोधा

गाडीच्या पुस्तिकेबरोबर डिझेल इंजिनासाठी बहुधा वेगळी पुरवणी असते. सेकंडहँड गाडीबरोबर ती हमखास गहाळ असते, कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्या. त्यात एवढंच शोधायचं:

टाकी केवढी आहे? जड पिकअपमध्ये साधारण पाच ते आठ गॅलन. वर्ष बदललं की आकडा बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

तोंड कुठे आहे? बहुतेक गाड्यांत डिझेलच्या तोंडाशेजारी, एकाच झडपेमागे. काही वर्षांच्या शेव्ही-जीएमसीमध्ये ते बॉनेटखाली होतं. बॉनेटखाली असेल तर पंपाची नळी तिथवर नेणं ही कसरतच, हे आधीच लक्षात घ्या.

पातळी कशी दिसते? काही गाड्या काटा किंवा टक्के दाखवतात, काही उरलेले मैल दाखवतात आणि काही अर्ध्याच्या वर असेपर्यंत नुसतं "ठीक" म्हणतात.

संपत आलं तर गाडी काय करते? बहुतेक गाड्या काहीशे ते हजार मैल आधीपासून सूचना द्यायला लागतात. दुर्लक्ष केलं तर वेग आधी ताशी ५०-६५ मैलांवर बांधला जातो आणि शेवटी गाडी माणसाच्या चालीने सरकते किंवा नुसती जागेवर चालू राहते. आकडे आणि टप्पे कंपनीप्रमाणे वेगळे आहेत, आपले पाठ करून ठेवा.

पाचवं उत्तर पुस्तिकेत मिळत नाही: तुमचं खरं वजन. सगळं सामान, पाणी आणि माणसं भरून महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, एकदा गाडी उभी करा. थोड्या डॉलरमध्ये पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वेगळं वजन छापील पावतीवर मिळतं. विक्रेत्याने सांगितलेलं ट्रेलरचं कोरडं (सामान-पाण्याशिवायचं) वजन आणि ही पावती यांत बरंच अंतर निघतं. डेफ या पावतीवरच्या वजनाने खर्च होतं.

३. गणित मांडा

ढोबळ नियम असा. रिकाम्या गाडीला जाळलेल्या डिझेलच्या साधारण दोन टक्के डेफ लागतं. जड ट्रेलर ओढताना तीन-चार टक्के धरा, लांब चढांवर त्याहून थोडं जास्त. भाराखाली इंजिनाच्या आतलं तापमान चढतं, नायट्रोजन ऑक्साइड जास्त तयार होतात. नळीतले सेन्सर ते मोजतात आणि संगणक फवारा वाढवतो. म्हणजे ट्रेलर लावला की दोन बाजूंनी मार बसतो: डिझेल जास्त जळतं आणि प्रत्येक गॅलन डिझेलमागे डेफही जास्त जातं.

हजार मैलांचा हिशोब करू. रिकामी गाडी गॅलनला १८ मैल देते, म्हणजे साधारण ५६ गॅलन डिझेल. त्याचे दोन टक्के म्हणजे १.१ गॅलन डेफ. तीच गाडी ट्रेलर ओढताना गॅलनला ९ मैल देते, म्हणजे १११ गॅलन डिझेल. साडेतीन टक्क्यांनी ३.९ गॅलन डेफ. मैल तेवढेच, डेफ साडेतीनपट! पाच गॅलन वापरता येणारी टाकी पहिल्या हिशोबाने साडेचार हजार मैल जाते, दुसऱ्या हिशोबाने तेराशेही नाही.

आता खरा रस्ता घ्या. डॅलसहून डेन्व्हरला ट्रेलर घेऊन जाणारे बरेच जण २८७ क्रमांकाच्या महामार्गाने अमारिलो गाठतात, पुढे क्लेटनवरून रॅटनला जाऊन आय-२५ (आय म्हणजे इंटरस्टेट महामार्ग) धरतात. आठशे-नऊशे मैल. अमारिलोच्या सपाटीवर समोरून वारा लागला तर तोही चढासारखाच खातो, पुढे रॅटनचा घाट जवळपास ७,८०० फुटांवर. सरासरी गॅलनला साडेनऊ मैल धरले तर एका बाजूला सुमारे ९० गॅलन डिझेल आणि तीनेक गॅलन डेफ. तिथे पोहोचून आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे चढलात, तर आणखी. जाऊन-येऊन एक आख्खी टाकी गेली असं समजूनच निघावं.

हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमचे खरे आकडे पहिल्या लांब प्रवासात सापडतील: डेफ काठोकाठ भरून निघा, पुढच्या वेळी किती गॅलन बसलं ते आणि मधल्या काळात किती डिझेल भरलं ते मोबाइलमध्ये लिहा, भागाकार करा. हे एकदा हातात आलं की डॅशबोर्डवर विसंबून राहावं लागत नाही.

४. निघण्याआधी गोळा करायच्या वस्तू आणि कागद

कागद:
- गाडीची पुस्तिका आणि डिझेल पुरवणी, मोबाइलमध्ये उतरवलेली प्रतही (डोंगरात सिग्नल नसतो)
- पिकअप आणि ट्रेलर दोघांचं रजिस्ट्रेशन आणि विमा
- वॉरंटीचं पुस्तक. त्यात प्रदूषण यंत्रणेची वॉरंटी इंजिनाच्या वॉरंटीपासून वेगळी लिहिलेली असते, ते पान दुमडून ठेवा
- रस्त्यावरच्या मदतीचं कार्ड. ती मदत ट्रेलरलाही लागू आहे का, हे फोन करून विचारा. नुसत्या पिकअपची सोय असणारी कार्डं बरीच असतात
- वजनाची पावती आणि डेफच्या प्रत्येक खरेदीची पावती

सामान:
- डेफचा अडीच गॅलनचा एक सीलबंद खोका
- फक्त डेफसाठी ठेवलेलं नरसाळं, पिशवीत बांधून
- नायट्राइलचे हातमोजे, एक बाटली पाणी, जुनं फडकं
- ओबीडी कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडाचे क्रमांक) वाचणारं साधं यंत्र. स्वस्तातलं चालेल, पण डिझेल पिकअपचे डेफसंबंधी कोड वाचतं की नाही ते घेण्याआधी बघा
- हौस असेल तर डेफचा रिफ्रॅक्टोमीटर. थेंबभर डेफात युरिया किती टक्के आहे ते लगेच कळतं

खोका एकच का? अडीच गॅलन डेफ जवळपास २३ पौंड भरतं. फिफ्थ-व्हीलची पिन (हौद्यातल्या जोडात बसणारा खिळा) आधीच पिकअपच्या पाठीवर दोन-तीन हजार पौंड टाकून बसलेली असते. त्यावर चार खोके म्हणजे आणखी नव्वदेक पौंड. एक खोका अडचणीतून बाहेर काढायला पुरतो.

५. पंप की खोका

माझं मत स्पष्ट आहे: नेहमीसाठी पंप, अडचणीसाठी खोका. पंपावरचा गॅलनचा भाव खोक्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय पंपावर माल सतत खपत असतो, म्हणून ताजा असतो.

लव्ह्ज, पायलट-फ्लाइंग जे, टीए-पेट्रो अशा मोठ्या ट्रक स्टॉपवर ट्रकच्या रांगेत डेफची नळी डिझेलच्या शेजारीच असते. काही ठिकाणी गाड्यांच्या बाजूलाही असते, पण तिथे ट्रेलरसकट वळायला जागा असेलच असं नाही. निघण्याआधी त्यांच्या ॲपमध्ये कोणत्या ठिकाणी कोणत्या बाजूला डेफ आहे ते पाहून दोन-तीन थांबे ठरवून ठेवा.

खोका घ्यायचा झाला तर दोन गोष्टी बघा. एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) प्रमाणचिन्ह आणि आयएसओ २२२४१ हा क्रमांक छापलेला हवा. आणि तारीख. डेफ नासतं, आणि ते किती लवकर हे उष्णतेवर ठरतं: २५ अंश सेल्सिअसला साधारण १८ महिने, ३० अंशांना १२, ३५ अंशांना फक्त ६. तारीख छापण्याची पद्धत प्रत्येक उत्पादकाची वेगळी, कधी ती बॅच क्रमांकातच दडलेली असते. फीनिक्समध्ये दुकानाबाहेर उन्हात रचलेली थप्पी कितीही स्वस्त असो, तिकडे वळू नका. सील फुटलेला किंवा कडेने पांढरे खडे जमलेला खोकाही नको.

६. ट्रकच्या रांगेत भरताना

पहिल्यांदा अठरा चाकी ट्रकांच्या मधे उभं राहायला दडपण येतं. रीत कळली की सोपं आहे.

(अ) आधी कोणत्या बाजूला तोंड आहे ते आठवा. पिकअपचं डिझेल बहुधा डाव्या बाजूला. ट्रकना दोन्ही बाजूंना टाक्या असतात, म्हणून रांगेत मुख्य पंप आणि समोर दुय्यम नळी अशी मांडणी असते. दुय्यम नळी मुख्य पंप सुरू केल्याशिवाय चालत नाही.

(आ) कार्ड घातल्यावर पंप प्रश्न विचारतो. ट्रकचा किंवा ट्रेलरचा क्रमांक मागितला तर काउंटरवर जाऊन "पिकअप आहे, आरव्ही ओढतोय" म्हणून सांगा (आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर), ते आतून सुरू करून देतात. कोणतं इंधन हवं म्हणून ट्रॅक्टर, रीफर आणि डेफ असे पर्याय येतात. ट्रॅक्टर म्हणजे गाडीचं डिझेल. रीफर कधीही निवडू नका. ते ट्रेलरच्या शीतयंत्राचं डिझेल, त्यावर बऱ्याचदा रस्त्याचा कर भरलेला नसतो आणि ते गाडीत सापडलं तर दंड होतो.

(इ) डेफ आधी, डिझेल नंतर, किंवा उलट. पण दोन्ही झाकणं एकदम उघडू नका. एक उघडा, भरा, बंद करा, मग दुसरं. मुलं "मी भरतो" म्हणून पुढे आली तर कौतुक करा आणि नळी आपल्याच हातात ठेवा.

(ई) नळी हलक्या हाताने दाबा. ट्रकच्या पंपाचा जोर मोठा असतो, पिकअपच्या अरुंद तोंडात तो मागे उसळतो आणि पंप उगाच बंद पडतो. पहिल्यांदा "टक्" झालं तेव्हा टाकी भरली असेलच असं नाही, दोन क्षण थांबून पुन्हा हळूच प्रयत्न करा. दुसऱ्यांदा लगेच बंद पडला की थांबा. काठापर्यंत ठासून भरायचं नाही, गोठल्यावर डेफ फुगतं आणि त्याला जागा लागते.

(उ) सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. वाळलं की पांढरे खडे होतात, ते रंगावर, वायरींच्या जोडांवर आणि ॲल्युमिनियमवर बरे नाहीत. हाताला लागलं तर साबण-पाणी पुरे.

(ऊ) भरून झालं की गाडी पुढच्या रेषेपर्यंत न्या आणि मगच शौचालयाला किंवा कॉफीला जा. मागचा ट्रकवाला घड्याळावर चालतो.

भरल्या भरल्या डॅशबोर्डवर पातळी बदलली नाही तर घाबरू नका. काही गाड्यांना थोडा वेळ चालल्याशिवाय नवी पातळी कळत नाही, आणि अर्धा-एक गॅलनच टाकलं तर ते लक्षातही येत नाही. म्हणून थोडं थोडं ओतत बसण्यापेक्षा अर्धी टाकी झाली की पूर्ण भरणं सोयीचं.

७. चुकीच्या टाकीत गेलं तर

डेफ डिझेलच्या टाकीत गेलं: इंजिन सुरू करू नका. किल्लीसुद्धा फिरवू नका, कारण तेवढ्यानेही इंधनाचा पंप चालू होऊन ते पुढे ढकलतो. थोडंसंच गेलं, डिझेलने पातळ होईल, हा विचार महागात पडतो. पाणी आणि युरिया इंधनाच्या उच्चदाबाच्या भागांना गंजवतात. काउंटरवर सांगून गाडी तिथेच ठेवायची, ट्रेलर सोडायचा आणि टो ट्रक बोलवायचा. या पायरीवर टाकी रिकामी करून धुण्यात निभावतं, इंजिन चालवलं की पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागू शकतं.

डिझेल डेफच्या टाकीत गेलं: हे कमी घडतं, कारण डिझेलची नळी जाड असते आणि निळ्या तोंडात सहसा शिरत नाही. पण नरसाळ्याने किंवा डब्याने ओतताना होतं. उपाय तोच, चालू न करता टो.

८. वाटेत

उरलेल्या मैलांचा आकडा हा सगळ्यात मोठा सापळा. गाडी तो मागच्या काही दिवसांच्या सरासरीवरून काढते. महिनाभर रिकामी फिरली असेल तर ट्रेलर जोडताना पडद्यावर भरघोस मैल दिसतात. पहिला घाट चढून झाला की तोच आकडा धाडकन खाली येतो. गळती लागली म्हणून लोक गाडीखाली वाकून बघतात. गळती नसते, सरासरी बदललेली असते.

माझा नियम: ट्रेलर जोडायच्या आदल्या दिवशी डेफ पूर्ण. प्रवासात दर दुसऱ्या डिझेलला डेफ बघायचं आणि अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही. पश्चिमेला हे फार महत्त्वाचं, कारण तिथे वस्ती विरळ आहे. युटात आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यात शंभराहून जास्त मैल पंप नाही, दुकान नाही, आणि रस्ता चढउतारांचा. फीनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना आय-१७ हजार-अकराशे फुटांवरून सात हजारांपर्यंत चढते. असे टप्पे लागण्याआधी दोन्ही टाक्या भरून घ्या.

घाटात टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायची गिअरची सेटिंग) लावा. त्याने डेफ वाचत नाही, पण गिअर योग्य राहतो आणि उतारावर ब्रेक वाचतात. डेफ वाचवायचा एकच खरा मार्ग आहे: ताशी ७५ ऐवजी ६२-६५ ने चालवा. ट्रेलरचं सपाट तोंड वारा कापत नाही, ढकलत जातं. डिझेल कमी जळलं की डेफ आपोआप कमी.

एक चांगली बातमीही आहे. भाराखाली धुराची नळी गरम राहते आणि ही यंत्रणा गरम असतानाच नीट चालते. घरापासून दोन मैलांवर मुलांना शाळेत सोडणं किंवा कॅम्पमध्ये तासन् तास गाडी जागेवर चालू ठेवणं तिला जास्त त्रासाचं, कारण थंड नळीत युरियाचे खडे जमतात. एसीसाठी पिकअप चालू ठेवू नका, जनरेटर लावा.

९. थंडी आणि ऊन

डेफ उणे ११ अंश सेल्सिअसला, म्हणजे १२ अंश फॅरनहाइटला गोठतं. मिनेसोटात किंवा कोलोरॅडोत जानेवारीत सकाळी टाकीत बर्फाचा गोळा असणं ठरलेलं. गाडी तरीही सुरू होते आणि चालते. टाकीत हीटर असतो, तो चालता चालता ते वितळवतो आणि मग फवारा सुरू होतो. गोठून वितळलेलं डेफ खराब होत नाही. त्यात अँटिफ्रीझ, मीठ, गरम पाणी, काहीही घालू नका. दुकानात "डेफ गोठू देणार नाही" म्हणून काही मिळालं तरी पुस्तिकेत परवानगी नसेल तर हात लावू नका.

ऊन जास्त वाईट. पिकअपच्या हौद्यात काळ्या झाकणाखाली ठेवलेला खोका उन्हाळ्यात भट्टीत ठेवल्यासारखाच. तो ट्रेलरच्या आत, खालच्या सावलीतल्या कप्प्यात ठेवा.

१०. डॅशबोर्डवर सूचना आली तर

सूचना तीन प्रकारच्या असतात आणि नवखे तिन्हींवर एकच उपाय करतात, तो म्हणजे आणखी डेफ ओतणं.

*पातळी कमी.* भरा, विषय संपला. वेग आधीच बांधला गेला असेल तर बऱ्यापैकी भरा, दोन कप नव्हे. बंधन सुटायला काही मैल जाऊ शकतात.

*डेफचा दर्जा खराब.* ओतू नका. शेवटी कुठे भरलं ते आठवा, पावती काढा. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तपासा, ३२.५ च्या आसपास यायला हवं. आकडा बरोबर असेल तर दोष बहुधा सेन्सरचा. आकडा चुकला तर टाकी रिकामी करून घ्यावी लागेल, आणि ती पावती विक्रेत्याशी बोलताना कामी येईल.

*यंत्रणेत बिघाड.* इथे डेफ भरलेलं असूनही मैलांची उलटी मोजणी सुरू होते. नायट्रोजन ऑक्साइडचे सेन्सर, टाकीतला हीटर आणि पंप हे नेहमीचे संशयित. कोड वाचा, त्याचा फोटो घ्या. कोड पुसून पुढे जायचा मोह होतो, पण बहुतेक वेळा तो परत येतो आणि मोजणी थांबत नाही.

मोजणी सुरू असताना क्रम असा ठेवा. पहिलं, किती मैल उरलेत ते लिहून घ्या. दुसरं, इंजिन बंद करण्याआधी जागा निवडा. बऱ्याच गाड्यांत पुढचं कडक बंधन गाडी पुन्हा सुरू करताना किंवा इंधन भरताना लागतं, म्हणून महामार्गाच्या कडेला बंद करण्यापेक्षा ट्रक स्टॉप किंवा आरव्ही पार्क गाठा. वेग बांधला गेला असेल तर उजवी लेन आणि धोक्याचे दिवे. तिसरं, ट्रेलर आरव्ही पार्कमध्ये सोडा आणि नुसती पिकअप डीलरकडे न्या. डीलरच्या आवारात चाळीस फुटांचं फिफ्थ-व्हील वळवत बसणं ही शिक्षा कोणालाच नको. चौथं, जाण्याआधी फोनवर विचारा: डिझेलचा तंत्रज्ञ आज आहे का, आणि तो भाग स्टॉकमध्ये आहे का? नुसतं "घेऊन या" या उत्तरावर निघू नका. पाचवं, काउंटरवर बोलताना प्रदूषण यंत्रणेच्या वॉरंटीचं पान समोर ठेवा. इंजिनाची वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं असं समजून पैसे भरणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक विचारून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ई.पी.ए.ने (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने) या बंधनांबद्दल नवं मार्गदर्शन जाहीर केलं. २०२७ च्या मॉडेलपासून नव्या डिझेल गाड्यांची ताकद डेफ संपल्यामुळे अचानक जाऊ नये आणि सध्याच्या गाड्यांसाठी कंपन्यांनी सौम्य सॉफ्टवेअर द्यावं, असा त्याचा रोख आहे. तुमच्या गाडीसाठी असं काही आलं आहे का, हे गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) देऊन डीलरला विचारा. आलं नसेल तर जुनेच टप्पे लागू.

११. "डिलीट" करून देतो म्हणणारे

सेन्सर एकदा त्रास देतो आणि लगेच कोणीतरी सांगतो की सगळी यंत्रणाच काढून टाक, मायलेजही वाढेल. हे केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याच्या विरुद्ध आहे, वॉरंटी जाते, प्रदूषण चाचणी असलेल्या काउंटीत गाडी पास होत नाही आणि बरेच डीलर अशी गाडी दुरुस्तीला किंवा बदल्यात घेत नाहीत. सेकंडहँड पिकअप बघताना म्हणूनच खाली वाकून डेफची टाकी, तिच्या वायरी आणि धुराच्या नळीवरचे सेन्सर जागेवर आहेत का ते तपासा. निळं झाकण आहे पण आत कोरडं ठणठणीत आणि डॅशबोर्डवर एकही सूचना नाही, तर त्या गाडीपासून लांब राहा.

१२. हंगाम संपल्यावर

ट्रेलर हिवाळ्यासाठी उभा केला आणि पिकअपही महिनोन् महिने हलणार नसेल, तर तिला सावलीत उभी करा. डेफची टाकी उन्हाळ्याच्या गरमीत वर्षभर तशीच पडून राहिली असेल, तर पुढच्या मोठ्या प्रवासाआधी त्यातलं बरंचसं रोजच्या वापरात जाऊ द्या आणि मग ताजं भरा. राखीव खोकाही पुढच्या हंगामापर्यंत जपून ठेवायची वस्तू नाही. परत आल्यावर तो टाकीत रिकामा करा आणि नवा खोका पुढच्या वेळी निघताना, तारीख बघून घ्या.